अंगठी, गरुड आणि आमच्या आई

माझा भाचा शिकायला जर्मनीला गेला, तेव्हा जाता जाता आमच्याकडे एक सायकल आणि पुस्तकांची सहा खोकी टाकून गेला. "मावशी, वर्षभर ठेव फक्त." डोंबिवलीच्या वन बीएचकेत वर्षभर काही ठेवायची जागा एकच, दिवाणाचं पोट. तिथं लग्नातली भांडी, पाहुण्यांच्या गाद्या आणि आमच्या ह्यांचे दर एक जानेवारीला बाहेर येणारे डंबेल्स आधीपासून नांदत होते. चार खोकी कशीबशी कोंबली. उरलेली दोन आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पलंगाशेजारी स्टुलासारखी मांडली. एकावर पाण्याचा तांब्या, दुसऱ्यावर औषधांचा डबा.

पावसाळ्यात तांब्याखालच्या खोक्याचा तळ ओल धरून फाटला आणि ड्रॅगन, चेटकिणी, तलवारी असं सगळं लटांबर आमच्या फरशीवर आलं. उचलता उचलता एक पुस्तक हातात राहिलं. टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', तिन्ही भाग एकत्र बांधलेलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं, तूरडाळीच्या किलोच्या पुड्यापेक्षा जड. भाच्याला कळवलं तर तो आनंदाने ओरडलाच. "मावशी, वाचच! फक्त पहिली शंभर पानं धीर धर."

ज्या पुस्तकाची शिफारस 'धीर धर' अशी करावी लागते त्यापासून माणसाने सावध राहावं. पण मी भाच्याला कधी नाही म्हटलेलं नाही.

उघडल्याबरोबर नकाशा. डोंगर, नद्या, अरण्यं, सगळ्यांची नावं मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. मला अजून कल्याण स्टेशनात पश्चिमेला कुठल्या जिन्याने उतरायचं ते विचारावं लागतं. कथा तीनशेव्या पानावर, नकाशा पहिल्या पानावर, आणि मी लेडीज डब्यात चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धी सीटवर आणि अर्धी हवेत. एका हाताने कडी धरायची की एका बोटाने नकाशातला तो मॉर्डॉर, खलनायकाचा देश? दिव्याला शेजारणीने विचारलं, "कसली परीक्षा देताय?" मुंब्र्याला दुसरीने मेथीची जुडी काढली आणि अत्यंत सहजपणे माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवून निवडायला लागली. अजूनही त्या पुस्तकात एल्फ लोकांच्या राजवाड्यात एक वाळलेलं मेथीचं पान आहे.

नकाशा परवडला, नावं नाहीत. खलनायक सॉरॉन, दुसरा खलनायक सारुमान. अहो, दोघांनाही 'सा'च लावायचा होता तर निदान एक सारेगमकर तरी करायचा! नायकाचं नाव अ‍ॅरागॉर्न, तोच स्ट्रायडर, तोच एलेसार, तोच आणखी कोणकोण. मला पन्नास पानं वाटत होतं की ही तीन माणसं असून तिघांचं एकमेकांशी फार पटतं. हा लेखक ऑक्सफर्डात जुन्या भाषांचा प्राध्यापक. त्याने आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलायला कुणीतरी हवं म्हणून ही सगळी जनता जन्माला घातली, असं भाच्याने कौतुकाने सांगितलं. आमच्याकडे लोक आधी मूल होऊ देतात, मग बारसं करतात.

रात्री शेंगा सोलताना मी हे गाऱ्हाणं आईंपुढे मांडलं. आईंचं वय चौऱ्याऐंशी. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून पोथी वाचता येत नाही, म्हणून त्या कुणी काहीही सांगितलेलं ऐकतात. विम्याच्या जाहिरातीसुद्धा.

"शुंभ-निशुंभ नाहीत का? चंड-मुंड? जोडीचे राक्षस असेच असतात," त्या म्हणाल्या. "आणि तीन नावांचं काय घेऊन बसलीस? अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. दहा झाली. मोज." मोजली. दहाच होती. "आता गोष्ट सांग. पहिल्यापासून."

इथून माझा खरा वनवास सुरू झाला. गाडीत वाचायचं आणि रात्री घरी त्याचं निरूपण करायचं.

बिल्बो नावाच्या हॉबिटचा, म्हणजे पुस्तकातल्या बुटक्या लोकांपैकी एकाचा, एकशे अकरावा वाढदिवस सांगितला. "म्हणजे सहस्रचंद्रदर्शन होऊन तीस वर्षं झाली. तब्येत राखून आहे." हॉबिट लोक जमेल तेव्हा दिवसातून सहा वेळा जेवतात म्हटल्यावर त्या घराण्याबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं. मागच्या परिशिष्टातलं त्यांचं पंचांगही सांगितलं. बारा महिने, प्रत्येकी तीस दिवस, उरलेले दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत. त्यावर बराच वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "मग एकादशी कशी धरतात?"

जादूगार गंडाल्फ दरीत कोसळला तो प्रसंग मी गाडीत वाचला तेव्हा माझं ठाणं चुकलं होतं. घरी अगदी आवाज कापरा करून सांगितला. आईंचा शेंगा सोलणारा हात थांबलासुद्धा नाही. "येतो परत. असले ऋषी मरत नसतात." दोनशे पानांनी तो आला. आईंनी 'सांगितलं नव्हतं?' एवढंही म्हटलं नाही, नुसती टरफलं झटकली.

त्यांना गुंतवलं ते सॅमने. सॉरॉनची जादूची अंगठी ज्वालामुखीत टाकायला निघालेल्या फ्रोडोचा माळी. जग बुडायला निघालेलं असताना हा गडी पाठीवर भांडी आणि मिठाची डबी घेऊन चालतो. शत्रूच्या वेशीवर ससा शिजवतो आणि बटाटे नाहीत म्हणून हळहळतो. "हा खरा," आई म्हणाल्या. त्यानंतर रोज पहिला प्रश्न राजाचा नाही, अंगठीचा नाही. "मीठ उरलंय ना त्याच्याकडे?" शेवटी जीव जायची वेळ येते, ओझं झेपत नाही आणि सॅम ती भांडी एका खड्ड्यात टाकून देतो. आईंनी चष्मा काढून पदराने पुसला. ओट्यावरची चाळीस वर्षांची पितळी कढई मी भंगारात देऊ का म्हणून विचारणार होते, तो विषय त्या रात्री राहिलाच.

आणि मग गरुड आले. ज्वालामुखीशी निपचित पडलेल्या त्या दोघांना प्रचंड गरुड उचलून नेतात. मी विजयी मुद्रेने पुस्तक मिटलं. आई गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "गरुड होता?"

"हो ना. तीन होते."

"मग अंगठी पहिल्याच दिवशी त्याच्याकडे का नाही दिली? हजार पानं चालत कशाला गेले?"

मी भाच्याला विचारलं. त्याने जर्मनीहून अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात गरुडांचा स्वभाव, सॉरॉनची नजर, आकाशात फिरणारे काळे स्वार असं सगळं होतं. आईंनी तो पूर्ण ऐकला. "उत्तर एवढं लांब आहे म्हणजे त्यालाही माहीत नाही."

त्यानंतर आम्ही प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतल्या एकेचाळीस कादंबऱ्यांपैकी पहिली काढली. त्यातलं चपटं जग चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर. "कूर्म," आई म्हणाल्या, "पुढे सांग." पुढचे विनोद मला मराठीत सांगता आले नाहीत.

मग 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनचे राजे. पहिला भाग 1996 चा. इथं प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर माणसाचं नाव असतं, त्याचा मला आधार वाटला. पण ज्याच्यावर जीव जडवावा त्याचंच डोकं उडतं हे कळल्यावर मी परक्यासारखी वाचू लागले. शिवाय काही पानं सासूबाईंना सांगण्यासारखी नव्हती. ती मी परस्पर गाळत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "काल राणी आणि तिचा भाऊ मनोऱ्यात होते आणि आज एकदम पोरगा खिडकीतून खाली पडलेला. मधे काय झालं?"

"मधे... घरगुती भानगड होती, आई."

"अगं, मी पुराणं वाचलेली बाई आहे. सांग."

सांगितलं. माझेच कान तापले. आईंनी फक्त "म्हणून ढकललं होय," असं म्हणून फरसबी मोडली.

पाच भाग व्हायला सात महिने लागले. पाचव्याच्या शेवटी उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या जॉन स्नोला त्याच्याच माणसांनी भोसकलं, आणि दुसऱ्या रात्री आई उशी टेकून तयारीत बसल्या. तेव्हा मला सांगावं लागलं की पाचवा भाग आला 2011 मध्ये आणि सहावा अजून यायचाय. टीव्हीवरच्या मालिकेने 2019 मध्ये आपला शेवट करून टाकला, तो सांगू का? "नाटकमंडळींचा नको. पोथीत काय आहे?"

पोथीत काही नाही. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून सांगितलं की भांडारकर संस्थेला महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला 1919 ते 1966 लागले, तेव्हा एवढी घाई कसली. मी म्हटलं, तिथं शेवट तरी आधीपासून माहीत होता. भाच्याने आणखी एका मालिकेचं उदाहरण दिलं. रॉबर्ट जॉर्डन नावाचा लेखक 2007 मध्ये गेला, मग दुसऱ्याने त्याची टिपणं घेऊन 2013 मध्ये चौदावा आणि शेवटचा भाग आणला. मला शाळेतल्या संस्कृतच्या बाई आठवल्या. ज्या ग्रंथावरून आपण कादंबरीला कादंबरी म्हणतो, तो बाणभट्टाचा ग्रंथच अर्धा राहिला होता. मुलाने पुरा केला. म्हणजे हा आजार शब्दातच आहे.

आईंचं निदान वेगळं होतं. "व्यासांना लेखनिक गणपती मिळाला. मध्ये थांबायचं नाही अशी अट घालून बसला. ह्याला कोणी अट घातली नाही." आणि थोड्या वेळाने, "अपुरी पोथी घरात ठेवत नाहीत गं."

दुसऱ्या दिवसापासून आईंनी स्वतःच ती पुरी करायला घेतली. रोज संध्याकाळी, भाजी निवडताना. बुटक्या टिरियनला, जो त्यांचा लाडका, त्यांनी प्रधान केला. त्या भिंतीपलीकडच्या भुतांना तीळ-तांदळाचा पिंड दिला आणि ती शांत झाली. जॉनला संजीवनी मिळाली. कुणी आणली हे मी विचारलं नाही.

रविवारी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. खोकी न्यायला अजून वर्ष लागेल हे सांगायला. आईंनी फोन स्वतःकडे घेतला आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. चाळीस मिनिटं. तो कॉलेजातल्या कुठल्याशा पायरीवर बसून, कानटोपी घालून, तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"आजी, आणि ड्रॅगन? तिन्ही ड्रॅगनचं काय झालं?"

आईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ते पुढच्या रविवारी. माझी मालिका लागली."