कंट्रोल ग्रुपने कुणाचं घोडं मारलंय?

आमच्या घरात कुणाला सर्दी झाली की सगळ्यांचे उपाय एकदमच सुरू होतात. आई आलं-तुळशीचा काढा उकळते, बायको वाफारा देते, मी गोळी आणतो आणि शेजारच्या काकू ओव्याची पुरचुंडी घेऊन हजर. आठवड्याभरात सर्दी आपल्या पायांनी निघून जाते आणि श्रेय कुणाचं यावर पुढचा आठवडा जातो. अशा घरातल्या सातवीच्या मुलीला शाळेने सांगावं, की एका वेळी एकच गोष्ट बदल आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेव!

प्रयोग तसा साधा. वापरलेल्या चहा पावडरीने मुगाचं रोप जास्त वाढतं का? तीन कागदी पेल्यांत माती आणि चोथा, तीन पेल्यांत नुसती माती. चोथा घालायचा की नाही हे आपण मुद्दाम बदलतो, म्हणून तो इंडिपेंडंट व्हेरिएबल. रोपाची उंची मोजायची, ती डिपेंडंट. मूग एकाच डब्यातले. माती, ऊन, पाणी दोन्हीकडे सारखं. नुसत्या मातीचे पेले हा कंट्रोल ग्रुप. तो नसेल तर रोप चोथ्याने वाढलं की आपलं आपणच, हे कळणार कसं? हे सगळं मुलीने एका दमात सांगितलं. सेमी-इंग्लिशच्या मुलांना हे जमतं.

घोडं चोथ्यापाशीच अडलं. प्रयोग रचणाऱ्यांचा चहा साहेबी असावा, दूध वेगळं, साखर वेगळी. आमच्याकडे सगळं एकाच पातेल्यात उकळतं. गाळण्यात जे उरतं त्यात चहा किती आणि आलं, गवती चहा, साखर, साय किती, हे चहा करणारीलाही सांगता येणार नाही. "बाबा, हे एक व्हेरिएबल नाहीये, अख्खं कुटुंब आहे!" मग चोथा पाण्यातून काढला, पुन्हा काढला, वर्तमानपत्रावर वाळवला. तरी मुंग्यांना पत्ता लागलाच. कंट्रोलकडे ढुंकूनही न बघता त्यांची रांग थेट चोथ्याच्या पेल्यांत. मला विचाराल तर प्रयोग इथेच संपला होता: चोथ्याने मुंग्या वाढतात.

पाण्याचं माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं टोपण. रोज सकाळी प्रत्येकाला १० मिली, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. खिडकीतल्या पेल्यांच्या जागा रोज बदलायच्या, म्हणजे उन्हाचा वाटा सारखा. हे खातं माझ्याकडे आलं.

आईला मात्र काहीतरी खुपत होतं. "त्या तिघांना का नाही गं चोथा?"

"ते कंट्रोल आहेत, आजी."

"असू देत. पण त्यांनी कुणाचं घोडं मारलंय?"

आता हिला काय सांगणार! जिने जन्मभर पंगतीत तुपाची धार शेवटच्या पानापर्यंत सारखी नेली, तिच्या डोळ्यांसमोर हा उघड पंक्तिप्रपंच चालला होता, तोही विज्ञानाच्या नावाखाली. म्हटलं, इतिहासाने पटेल. मी तिला जेम्स लिंडची गोष्ट सांगितली. १७४७ साली सॅलिसबरी नावाच्या इंग्रजी जहाजावर खलाशांना स्कर्व्ही झाली होती, हिरड्या कुजत होत्या. या डॉक्टरने १२ आजारी खलाशी निवडले, एकाच जागी ठेवले, एकसारखं जेवण दिलं आणि दोघादोघांच्या सहा जोड्यांना सहा वेगवेगळे उपाय केले. एका जोडीला संत्री आणि लिंबं मिळाली. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्यातला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला.

"आणि बाकीचे दहा?"

"कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर. एका जोडीला समुद्राचं पाणी."

आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "मेल्याला संत्री वाटून देता आली नाहीत?" त्यावर, ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडलं, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

रोपं वर आली आणि मोजणीचा छळ सुरू झाला. मुगाचं रोप पट्टीसाठी सरळ उभं राहत नाही, ते खिडकीकडे मान वळवतं. ताणून मोजायचं की वाकलेलंच? शिवाय पट्टीचा शून्य पट्टीच्या टोकाला नसतो, थोडा आत असतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. पहिले काही दिवस तर सगळी रोपं सारखीच. तेही बरोबरच, कारण कोवळं रोप आधी डाळिंब्यांतली शिदोरी खातं, खताची गरज त्याला नंतर लागते. मुलगी हिरमुसली. आई खूश दिसली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग कंट्रोल ग्रुप हळूहळू पुढे गेला. मुलीने निरखून पाहिलं तर तिन्ही पेल्यांतल्या मातीवर पांढरट पापुद्रा. तांदळाचं धुवण! दुपारी सगळे बाहेर असताना आई "त्या बिचाऱ्यांना" ते घालत होती. आता रोपं धुवणाने वाढली, जादा पाण्याने वाढली, की मुंग्यांनी दुसऱ्या तिघांचं काही बिघडवलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

फाईल द्यायची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. मुलीने उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण असं सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. अनुमानापुढे "काढता येत नाही." आणि शेवटी दक्षता या मथळ्याखाली, टपोऱ्या अक्षरात: "प्रयोग आजी गावाला गेल्यावरच सुरू करावा."

आईने चष्मा लावून ते वाचलं. "गावाला जाईन," म्हणाली, "पण त्या पेल्यांना बरोबर नेईन."