आधी हप्ता मांडा, मग सही करा

तरुणांना पैशाचं शिक्षण द्यायला हवं, हे सगळ्यांना पटतं. मग एखादी कार्यशाळा होते, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. २०१४ साली फर्नांडिस, लिंच आणि नेटमेयर या संशोधकांनी पैशाच्या शिक्षणावरचे २०१ अभ्यास एकत्र तपासले. लोकांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का अशा शिक्षणाच्या उपक्रमांमुळे पडतो, असं त्यांना आढळलं. शिकलेलं काही महिन्यांत विरूनही जातं. म्हणून शिकवायचं तर निर्णयाच्या तोंडावर शिकवा, असा त्यांचा सल्ला होता.

मला हे शंभर टक्के पटतं. आणि निर्णयाच्या त्या क्षणी मास्तर जवळ नसतो, फोन असतो.

एक उदाहरण घ्या. १,००,००० चं कर्ज, वर्षभराची मुदत, 'फक्त १२ टक्के फ्लॅट'. व्याज १२,००० आणि महिन्याचा हप्ता ९,३३३. ऐकायला बरं वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लागतं. हप्त्यांची संख्या, हप्ता (उणे चिन्ह लावून) आणि कर्जाची रक्कम स्प्रेडशीटमधल्या 'रेट' (RATE) या सूत्रात घाला आणि येणारा मासिक दर बारानं गुणा. खरा दर २१ टक्क्यांच्या वर निघतो! ज्या मुलीनं किंवा मुलानं हे एकदा स्वतःच्या बोटांनी काढलंय, त्याला 'फ्लॅट' या शब्दानं पुन्हा कुणी भुलवू शकणार नाही. क्रेडिट कार्डाच्या 'किमान देय रकमे'चंही असंच करून बघा. तेवढंच भरत राहिलं तर बाकी किती वर्षं रेंगाळते, ते कोष्टकात ओळीनं दिसतं.

खर्चाची आपोआप वर्गवारी करून रंगीत चकत्या दाखवणाऱ्या ॲपबद्दल मला फारसा उत्साह नाही. सगळं ॲपच करतं, आपण नुसतं बघतो. रोजचा खर्च स्वतः टाइप करावा लागणारी साधी शीट कंटाळवाणी असते, पण आकडा टाइप करताना तो खर्च आठवावा लागतो, आणि लक्षात राहतो. शिवाय तिला तुमचे मेसेज आणि संपर्कयादी वाचायची परवानगी लागत नाही. (हिशेबाच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, हे प्रत्येकानं विचारायलाच हवं.)

कर्ज देणाऱ्या प्रत्येक ॲपमध्ये 'मान्य आहे' या बटणाच्या आधी, त्याच पडद्यावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत दोन आकडे सक्तीचे करा: एकूण परतफेड आणि खरा वार्षिक दर. शेजारी मुदत कमी-जास्त करून बघायची एक पट्टी द्या. यात अवघड काहीच नाही, सूत्र त्यांच्याकडे आधीपासूनच आहे.