परदेशी भंगारातले सोने आणि भुसावळची मोरी

परदेशातील ई-कचरा 1 जानेवारी 2025 पासून भारतासाठी खुला झाला, आपल्याकडचा ई-कचरा बहुतेक परदेशीच असतो, प्रत्येक जुन्या मोबाईलमध्ये एक ग्रॅम सोने असते आणि ते तेजाबाने घरीच काढता येते, असा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात तिसऱ्यांदा आला तोवर मी गप्प होतो. भुसावळच्या माझ्या भाच्याने तो खरा मानून न्हाणीघरातल्या टबात सहा मोबाईलचे बोर्ड बुडवले, म्हणून लिहिणे भाग पडले.

पहिला दावा नेमका उलटा आहे. त्या तारखेला घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय बाझल करारातील दुरुस्ती लागू झाली आणि घातक असो वा नसो, कोणताही ई-कचरा दुसऱ्या देशात पाठवण्यापूर्वी त्या देशाची संमती घेणे बंधनकारक झाले. मजकूर लिहिणाऱ्याची तारीख तेवढी बरोबर आहे.

सोन्याचा हिशेब तर जळगावच्या सराफ्यातले कोणतेही पोर सांगेल. एका मोबाईलमध्ये साधारण 0.034 ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाव गुंज सोने असते. एक ग्रॅमसाठी तीसएक मोबाईल लागतील, तेही काही वाया गेले नाही तर. सराफ्यातली धूळ धुऊन सोने वेचणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले, पण त्यांच्या मातीत शिसे आणि प्लॅस्टिक चिकटलेले नव्हते. नायट्रिक तेजाबात आधी तांबे विरघळते, पाणी हिरवे-निळे होते आणि तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो. फुप्फुसांना सूज येण्याची लक्षणे कधीकधी काही तासांनी दिसतात, त्यामुळे माणूस आपण बरे आहोत असे समजून झोपतो. भाच्याला रात्रभर खोकला येत राहिला. ते हिरवे पाणी त्याने मोरीत ओतले आणि तिथून ते नाल्यावाटे तापीकडेच गेले असणार.

परदेशी कचऱ्याबद्दल अर्धे सत्य मात्र मान्य करावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील 51 लाख टनांनी सीमा ओलांडली आणि सुमारे 33 लाख टन श्रीमंत देशांतून गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत कोणत्याही नियंत्रणाविना गेला. 'वापरलेल्या वस्तू' म्हणून निकामी संगणक पाठवणे ही त्यातली जुनीच युक्ती आहे. तरीही 6.2 कोटींपुढे 51 लाख म्हणजे जेमतेम आठ टक्के. भाच्याच्या टबातले सहाही मोबाईल आमच्याच घरचे होते, त्यांतला एक माझा.