मावशींना न सांगता लावलेला कॅमेरा

पुण्या-मुंबईतल्या माझ्या ओळखीच्या घरांमध्ये, बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींवर कॅमेऱ्याने लक्ष ठेवावे की नाही, हा वाद आता जवळजवळ मिटलेला दिसतो. कॅमेरा हवाच, असे बहुतेकांनी ठरवून टाकले आहे. मतभेद उरला आहे तो एवढाच, की तो मावशींना सांगून लावावा की घड्याळात, चार्जरमध्ये किंवा टेडी बेअरच्या डोळ्यात दडवावा. दडवण्याच्या बाजूचे म्हणणे असे, की सांगितले तर मावशी कॅमेऱ्यासमोर तेवढ्या जपून वागतील, आणि दहा महिन्यांच्या बाळाला तर काही सांगता येत नाही. हे म्हणणे मला पोकळ वाटत नाही. तरीही श्टुटगार्टमध्ये मुले वाढवताना माझे मत उलट बाजूला झुकत गेले.

जर्मनीत असा टेडी बेअर नुसता घरात बाळगणेही बेकायदा आहे. नेहमीच्या वापरातल्या वस्तूचे सोंग घेऊन गुपचूप चित्र किंवा आवाज टिपणारे आणि तो बिनतारी पाठवणारे उपकरण बनवण्यास, विकण्यास आणि जवळ ठेवण्यास येथे मनाई आहे. २०१७ मध्ये येथील केंद्रीय नियामक यंत्रणेने याच नियमाखाली ‘केला’ नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली आणि ती निकामी करून टाका, असे पालकांना सांगितले. त्याच वर्षी, दूरवरून आजूबाजूचे बोलणे ऐकू देणाऱ्या मुलांच्या घड्याळांवरही बंदी आली. शिवाय दुसऱ्याचे खासगी बोलणे परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, मग ते बोलणे तुमच्या स्वतःच्या दिवाणखान्यात झालेले का असेना. कामगार न्यायालये छुपे चित्रीकरण मान्य करतात ते ठोस संशय असेल आणि दुसरा सौम्य मार्ग उरला नसेल तेव्हाच.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, परंतु २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला आपल्या कक्षेबाहेर ठेवले, त्यामुळे ज्या बाईचे कामाचे ठिकाणच दुसऱ्याचे घर आहे तिला त्या कायद्याचा फारसा आधार उरत नाही. उरते ते भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम, जे स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे हा गुन्हा मानते. चोवीस तासांच्या मावशी बहुधा बाळाच्याच खोलीत झोपतात, तेथेच साडी बदलतात. त्या खोलीतला छुपा कॅमेरा, हेतू कितीही निर्मळ असला तरी, घरमालकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू शकतो, हे सोसायटीतल्या किती जणांच्या लक्षात आले आहे?

या वादात २०१६ मधील खारघरच्या पाळणाघराचे उदाहरण हमखास दिले जाते. दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने केलेली अमानुष मारहाण तेथे कॅमेऱ्यात टिपली गेली होती आणि ते चित्रण पाहून सारा महाराष्ट्र हादरला होता. मला मात्र त्या घटनेतून वेगळेच दिसते. कॅमेरा पाळणाघराचाच होता आणि मारहाण होत असतानाही तो चालू होता. पण ते चित्रण पाहिले गेले ते मुलीच्या अंगावरच्या खुणा दिसल्यानंतर. कॅमेऱ्याने पुरावा दिला आणि तो मोलाचा होता, परंतु त्या बाळाचा मार काही त्याने वाचवला नाही. कचेरीतल्या बैठकीत मोबाइलवर अधूनमधून डोकावणाऱ्या आईलाही कॅमेरा यापेक्षा फार अधिक देत नाही.

जर्मनीतही सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. व्हीअर्सेन या गावात २०२० मध्ये एका पाळणाघरातील, येथे ज्याला किटा म्हणतात त्यातील, प्रशिक्षित शिक्षिकेने तीन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला आणि पुढच्या वर्षी तिला जन्मठेप झाली. त्या प्रकरणात मन सुन्न करणारी गोष्ट अशी, की तिच्या आधीच्या किटांमध्येही मुलांचा श्वास अडखळल्याचे प्रसंग घडले होते आणि ते वेळीच वरच्या कार्यालयाला कळवले गेले नव्हते. पदवी, परवाना, चारित्र्याचा दाखला यांपैकी कशानेही ती मुलगी वाचली नाही. एका ठिकाणची माहिती पुढच्या ठिकाणी पोहोचली असती तर कदाचित वाचली असती. आपल्याकडे एका इमारतीतून काढलेली बाई पुढच्या महिन्यात शेजारच्या इमारतीत लागते आणि तिला का काढले हे कोणीच कोणाला सांगत नाही, ते याहून फार वेगळे नाही.

अर्थात श्टुटगार्टमध्ये बसून हे लिहिणे सोपे आहे. येथे आईवडील मिळून चौदा महिन्यांपर्यंत भत्ता घेऊ शकतात, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत नोकरी राखून रजा मिळते, आणि २०१३ पासून वर्षाच्या मुलाला सांभाळण्याची जागा मिळणे हा कायदेशीर हक्क आहे, जरी प्रत्यक्षात त्या जागेसाठी ताटकळावे लागते. माझ्या मुलीच्या किटामध्ये कॅमेरा नव्हता, पण सुरुवातीचे दिवस मी स्वतः तेथे कोपऱ्यात बसून होते. पहिले तीन दिवस मुलाला सोडून जायचेच नाही, असा तेथला रिवाज आहे. मग काही मिनिटे, मग अर्धा तास, असे अंतर वाढवत नेतात. सांभाळणाऱ्या बाईचा हात, आवाज, चिडल्यावरचा चेहरा हे सारे मला तेव्हा दिसले. पुण्यातल्या आईला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली तरी नशीब म्हणायचे; ती संपताना हाताशी असतात एजन्सीने पाठवलेल्या अनोळखी मावशी आणि सोमवारी गाठायची कचेरी. तिने कॅमेरा लावला म्हणून तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. कॅमेरा लावावा, फक्त तो दिसेल असा असावा, मावशी झोपतात तेथे नसावा, आवाज टिपणारा नसावा, आणि त्यातले चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. खरोखर संशय आला तर छुप्या चित्रणाने खात्री करत दिवस घालवण्यापेक्षा त्याच दिवशी बाळाला त्यांच्या हातून काढून घ्यावे, असे मला वाटते.

माझ्या मामेबहिणीला मी हे सगळे सुचवले आणि मावशींशी होणाऱ्या करारात कॅमेऱ्याचे एक कलम घाल, असेही सांगितले. तिने एजन्सीचा करार मला पाठवला. दोन पानांच्या त्या कागदात एजन्सीचे कमिशन कधी द्यायचे आणि मावशी सोडून गेल्यास बदली बाई किती दिवसांत मिळेल हे बारकाईने लिहिले होते; मावशींच्या कामाचे तास, सुट्टी आणि झोपायची जागा यांविषयी त्यात एक ओळही नव्हती, आणि खाली सह्यांसाठी ज्या दोन जागा होत्या त्यांत मावशींची नव्हती.