बाटली बंद आंदोलन

पावडरच्या दुधाचा डबा पुण्याला फार शोभतो. त्याच्यावरच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं की बाळासाठी आईचं दूधच सर्वोत्तम. म्हणजे माल विकायला ठेवायचा आणि वर लिहायचं, याहून चांगलं तुमच्या घरी आहे. शनिपाराजवळच्या एखाद्या जुन्या दुकानदाराने हा मजकूर लिहून दिला असावा, अशी माझी समजूत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, कायदा आहे तसा. १९९२ चा." डब्यावर बाळाचा फोटो छापायचा नाही, आईचा छापायचा नाही, जाहिरात करायची नाही. दूध पाजायच्या बाटल्याही त्याच कायद्यात येतात. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. गिऱ्हाईक परत पाठवायचा कायदा आमच्या वेळी नव्हता, आम्ही ते काम स्वयंस्फूर्तीने करत असू.

तरीही हा डबा आमच्या घरात आला, त्याला कारण हिंजवडी. सुनेला बाळंतपणाची रजा मिळाली २६ आठवड्यांची. २०१७ पासून कायद्यानेच तेवढी मिळते. मात्र हिंजवडीहून कोथरूडला परत यायला रोज किती वेळ जातो, याची तरतूद कायद्यात नाही. रजा संपली, सून कामावर गेली आणि दिवसाच्या बाटल्या माझ्याकडे आल्या. आमच्या हिचे गुडघे आणि भिशी ही दोन्ही कारणं घरात सर्वमान्य आहेत. मी काय, रिकामाच.

खरं सांगायचं तर ते काम मला मानवलं. पाणी आधी, पावडर नंतर. ३० मिलीला एक सपाट चमचा, वरचा उंचवटा सुरीच्या पाठीने उतरवायचा, १५० मिलीला पाच. दिवसा हे सोपं असतं. पहाटे तीनला, नात खांद्यावर किंचाळत असताना, "तीन झाले की चार?" असा संशय आला की ताळा जुळत नाही आणि सगळं ओतून पहिल्यापासून मोजावं लागतं. बाटलीचे भाग चार असतात, आणि वर पाचवी एक पारदर्शक चकती. ती काढायची राहिली तर दूध येत नाही, बसवायची राहिली तर पिशवीत सांडतं. रोज उकळून उकळून आमच्या मोठ्या पातेल्याला आतून क्षारांचं पांढरं कडं पडलं होतं. ही त्या पातेल्यात आता आमटी करायला तयार नव्हती.

पहिल्या वाढदिवसाच्या आसपास डॉक्टरांनी निकाल दिला. पावडर बंद, साधं दूध सुरू, आणि बाटली कायमची बंद. दूधसुद्धा दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधाने पोट भरतं, पण दुधात लोह जवळपास नसतं. मग मूल जेवत नाही, दिसायला गुटगुटीत आणि रक्त तपासलं तर कमी. शिवाय तोंडात बाटली धरून झोपलं की दूध रात्रभर दातांवर राहतं आणि वरचे पुढचे दात किडतात. नातीचे तोवर एकूण दात सहा, त्यांतले चार वरचे. मिळकतीचा मोठा भाग धोक्यात होता.

घरी सभा भरली. पहिला विषय, साधं दूध म्हणजे कुठलं. चितळ्यांचं की कात्रजचं, गाईचं की म्हशीचं, यावर पुण्यातल्या घरात जेवढं बोलता येतं तेवढं बोलून झालं. शेवटी गाईवर मतैक्य झालं आणि नातीने ते पहिल्याच घोटाला माझ्या शर्टावर परत केलं. पावडरचं दूध गोडसर असतं. मग भेसळीचा मार्ग धरला. आधी तीन भाग जुनं एक भाग नवं, मग निम्मं निम्मं, असं करत करत डबा मागे पडला. हे काम सुरळीत झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बाटलीचं तसं नव्हतं. "बाटली सोडवतोय" या वाक्यावर जो विनोद होतो, तो सोसायटीतल्या प्रत्येकाने माझ्यासमोर एकदा करून घेतला. सेक्रेटरींनी दोनदा. डॉक्टरांची सूचना सोपी होती. एकेक बाटली कमी करा, दुपारची आधी, रात्रीची शेवटी. दुपारी बाटलीऐवजी मऊ वरणभात, वर तूप आणि लिंबू. नात तीन घास खायची आणि मग कपाटावरच्या बाटलीकडे बोट दाखवून भोकाड पसरायची.

आणि इथे मला घराचं खरं रूप दिसलं. रडायची नात, पण बाटली शोधायला धावायचे बाकीचे. मुलाची ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की तो कॅमेरा बंद करून तिच्या हातात बाटली द्यायचा. हिची मालिका ऐन वळणावर आली की बाटली. सुनेला सकाळी लवकर निघायचं असलं की रात्री बाटली, "आजच्या दिवस हं, बाबा." दोन मिनिटांत घर शांत करणारं दुसरं साधन आमच्याकडे नव्हतं. नातीला दूध तरी मिळत होतं. या तिघांना नुसती शांतता मिळायची आणि त्यांना तेवढी पुरायची.

मी बँकेचा इलाज केला. सगळ्या बाटल्या लोखंडी कपाटाच्या आतल्या चोरकप्प्यात ठेवल्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे, चोरकप्प्याची सुनेकडे. लॉकरची दोन किल्ल्यांची पद्धत जगात अजून कोणी मोडलेली नाही. आमच्याकडे ती दुसऱ्याच रात्री मोडली. दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो तर कपाट उघडं, मुलगा बॅटरी धरून उभा आणि सून बाटली धुतेय. माझी किल्ली यांना दिली कोणी? ही डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपेत होती. जरा जास्तच गाढ.

त्यानंतर पर्यायांचं पर्व आलं. हिने चांदीचं बोंडलं काढलं, लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडून माझ्या सासऱ्यांनी घेतलेलं. त्याला एका बाजूला पोचा आहे. तो आमच्या चिरंजीवांनी पाडलेला. बोंडलं तान्ह्या बाळाचं. पायांवर आडवं घ्यायचं आणि चोचीतून थेंब थेंब सोडायचं. आमची नात तोवर चांगली दहा किलोची. आडवी घेतली की ती लगेच पालथी व्हायची आणि पालथी झाली की रांगायला लागायची. शेवटी तिने बोंडलं हिसकावून फरशीवर दाणकन आपटलं. आता दुसऱ्या बाजूलाही पोचा आहे.

मुलाने मोबाइलवरून सिपर मागवले. एकाला बदकाचं तोंड, एकाच्या नळीला खाली वजन, एक कुठल्याही कडेने ओढता येणारा. हा शेवटचा कसा चालतो ते मला अजून कळलेलं नाही, नातीलाही नाही. डॉक्टर म्हणाले, चोचीचा सिपर म्हणजे पुन्हा बाटलीच. साधा पेला द्या. साधा पेला दिला. तिने तो स्वतःच्या डोक्यावर उपडा केला.

संध्याकाळची बाटली चुकवायला मी तिला घेऊन बाहेर पडू लागलो. एकदा पेशवे पार्कात फुलराणीत बसवलं. ही गाडी १९५६ साली सुरू झाली, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. गाडीत नात खूश होती. नंतर सारसबागेत आलो आणि बाटलीची वेळ झाली. तिने जो सूर लावला तो तळ्यातल्या गणपतीपर्यंत गेला असावा. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "भूक लागलीय हो तिला. बाटली नाही आणली?"

"सोडवतोय."

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"आमची चार वर्षांची होईपर्यंत पीत होती. काही झालं नाही तिला."

ही 'आमची' शेजारीच बसली होती. चांगली विशीतली मुलगी. ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "आई, माझं रूट कॅनॉल झालंय." मी नातीला उचललं आणि रिक्षा पकडली. ती रिक्षातच झोपून गेली, बाटलीशिवाय. चालकाला मी वरचे दहा रुपये सोडले. पुण्यात ही घटना दोन्ही बाजूंनी दुर्मीळ.

आता मुख्य मुद्दा. मी चहा बशीत ओतून पितो. लग्न झाल्यापासून ही माझी बशी सोडवायला बघतेय. पाहुण्यांसमोर डोळे वटारून झालं, बशा लपवून झाल्या, मधे वर्षभर घरात नुसते मगच होते. मी मगातला चहा वाटीत ओतला. असो. तर एका दुपारी मी चहा घेत असताना नात माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि बशीकडे टक लावून बघू लागली. मी चहा संपवला, बशी विसळली, तिच्यात दोन घोट कोमट दूध ओतलं आणि तिच्या ओठांना लावलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंडाने 'फुर्र' केलं. तिनेही 'फुर्र' केलं. निम्मं दूध माझ्या चष्म्यावर आलं आणि निम्मं पोटात गेलं. तिने बशी पुढे केली. आणखी.

त्यानंतर दुपारची, संध्याकाळची आणि सकाळची बाटली आपोआप गळली. रात्रीच्या बाटलीत आम्ही नुसतं पाणी घालायला लागलो, तिने दोन-चार रात्री निषेध नोंदवला आणि मग बाटलीच फेकून दिली. दूध कमी झालं तशी भूक लागू लागली. आता ती वरणभात, नाचणीची पेज आणि माझ्या ताटातलं थालीपीठ यांपैकी काहीच सोडत नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पेला, वाटी, बशी, काहीही चालेल. मूल उघड्या भांड्यातून पितंय ना, मग झालं." मी हिच्याकडे बघितलं. ही भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होती.

घरातल्या काचेच्या बशा मात्र भराभर फुटायला लागल्या. शेवटी ही तुळशीबागेत जाऊन स्टीलच्या दोन बशा घेऊन आली. एकीवर नातीचं नाव घालून घेतलं, दुसरीवर माझं. नावं घालताना दुकानदाराने विचारलं म्हणे, "जुळी आहेत का?"