आधी गिअरबॉक्स, मग निदान

सिग्नल सुटतो, तुम्ही ‘डी’ टाकून पाय दाबता आणि गाडी पेन्शनर माणूस जिना चढावा तशी निघते. मीटरमधला ‘डी’चा दिवा लुकलुकतोय. मागचा रिक्षावाला तुमच्या घराण्याचा उद्धार करतोय. अभिनंदन. पंधरा वर्षं जपलेली ऑटोमॅटिक, आत्ताच आरटीओत फी भरून पाच वर्षांचं पासिंग वाढवून आणलेली, आणि आता हा योग. एखादी वायर वगैरे तपासून तो वाया घालवू नका.

सगळ्यात आधी, स्कॅनर लावू देऊ नका. लावला की ‘पी ०७०५’ असला काहीतरी कोड येतो. म्हणजे गिअरचा दांडा कुठल्या जागी आहे हे सांगणाऱ्या स्विचचा सिग्नल धड पोचत नाही. मग माणसं उगाच त्या स्विचकडे वळतात. वर कुणी जाणकार समजावतो की सिग्नलचा ताळमेळ लागला नाही की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून गिअर बदलणं थांबवतो आणि एकाच गिअरमध्ये गाडी धरून ठेवतो, चार गिअरच्या बऱ्याच गाड्यांत तिसऱ्यात, म्हणजे रखडत का होईना गॅरेज गाठता यावं. त्याच्या नादी लागू नका. कोपऱ्यावरच्या मेस्त्रींनी हातातला चहाचा कप खाली न ठेवता ‘गिअरबॉक्स गेला, साहेब’ असं सांगितलंय. बॉनेटसुद्धा उघडावं लागलं नाही, यालाच अनुभव म्हणतात.

गॅरेजमध्ये एक आयटीआय करून आलेला पोरगा असेल. तो हळूच विचारेल, ‘सर, कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून बघितला का?’ त्याला चहा आणायला पाठवा.

आता बॉक्स शोधायचा. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्स घेऊन आली आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी घरोघरी पोचली. पण तो गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच, वर क्लच दाबणारं यंत्र बसवलेलं. तुमच्या कामाचा नाही. तुमची गाडी त्याआधीची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद क्लचऐवजी ऑइलने भरलेल्या भांड्यातून गिअरबॉक्सला पोचवणारी. तेव्हा शोरूममध्ये ऑटोमॅटिक मागितली तर सेल्समन आस्थेने ‘गुडघ्यांचा त्रास आहे का?’ विचारायचा. म्हणजे अशा गाड्या विकल्याच गेल्या मोजक्या, आणि त्यातल्या मोडीत निघालेल्या त्याहून मोजक्या. तरीही पुण्याहून पहाटे निघून कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा. तिथे जाळीमागे एक बॉक्स असतोच. दुकानदार म्हणेल, ‘चालू गाडी का माल है, साब.’ तुम्ही केसिंगवर बोटाने टकटक करून बघा. त्यातून काहीही कळत नाही, पण कलिंगडवाल्यासमोर करता तसं केल्याशिवाय भाव कमी होत नाही. केसिंगवरचा नंबर मात्र वाचायचा नाही. एकाच मॉडेलच्या दोन बॉक्समध्ये फायनल ड्राइव्हचा (चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचा) रेशो वेगळा असू शकतो, सेन्सरच्या पिना वेगळ्या असू शकतात. मुलीच्या लग्नाला पत्रिका जुळवता, इथे नाही जुळवली तरी चालतं. ‘पुराना दे दो, दो हजार कम करता हूँ,’ असं तो म्हणाला की लगेच हो म्हणा. नाहीतरी तो जुना, पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका असलेला, गेलेला बॉक्स सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून सेक्रेटरीची नोटीस कोण घेणार?

बसवतानाचा खरा सोहळा कन्व्हर्टरचा. हे ताटाएवढं जड भांडं ऑइल निथळत शाफ्टवर चढवायचं असतं. हाताने फिरवत आत ढकललं की ‘टक’ होतं, एक खाच बसली. आणखी फिरवलं की दुसरा ‘टक’. इथे भांडं पुरतं बसल्यासारखं वाटतं, आणि इथेच ते बसलेलं नसतं. बॉक्समधल्या ऑइल पंपाचे दात पकडल्याचा तिसरा ‘टक’ अजून बाकी असतो. जुने फिटर त्याची वाट बघतात. मग बेल हाउसिंगच्या, म्हणजे बॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाच्या, काठावर पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टर किती खोल गेला ते मोजतात. बॉक्स इंजिनाला टेकल्यावरसुद्धा कन्व्हर्टर आत मोकळा फिरला पाहिजे, म्हणतात, फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाकडची चकती) थोडी फट राहिली पाहिजे. एवढा वेळ कुणाला आहे? दोन ‘टक’ पुष्कळ झाले. बॉक्स इंजिनाला भिडत नसेल तर बोल्टने ओढून घ्या. पंप फुटला तर कुर्ला आहेच. (तुमच्या दुर्दैवाने पोरगा चहा घेऊन परत आलेला असतो आणि कुणाला न सांगता तिसरा ‘टक’ करून टाकतो.)

गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर धुवायचा हट्ट धरू नका. जुन्या बॉक्समधला क्लचचा चुरा रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरमध्ये साचतो आणि नव्या बॉक्समध्ये शिरतो. नव्या सुनेला घराचा इतिहास पहिल्याच दिवशी कळलेला बरा. तोच कूलर आतून फुटला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि डिपस्टिकवर थेट महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरी मिल्कशेक दिसतं. तेवढीच सहल.

ऑइल लाल असलं की झालं. बाटलीवर ऑइलचा प्रकार एसपी-३ आहे की डेक्स्रॉन, हे वाचत बसणं म्हणजे साखर कुठल्या कारखान्याची ते विचारण्यासारखं. लेव्हल बघायची तर गाडी पार्किंगच्या उतारावर, इंजिन थंड आणि बंद ठेवून बघा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमकं उलटं लिहिलेलं असेल: सपाट जागा, ऑइल तापलेलं, इंजिन चालू, दांडा सगळ्या जागांवरून एकदा फिरवलेला, आणि मगच डिपस्टिक. रिकामा कन्व्हर्टर इंजिन चालू झाल्यावर ऑइल पितो, म्हणून म्हणे. पुस्तक प्लास्टिकच्या पाकिटातून पंधरा वर्षं बाहेर आलेलं नाही. आता कशाला?

तिसऱ्या दिवशी गाडी खाली उतरते. तुम्ही ‘डी’ टाकता. पेन्शनर जिना चढू लागतो. दिवा लुकलुकतो.

घाबरू नका, खर्चाला अजून वाव आहे. मेस्त्री नव्या चहाचा पहिला घोट घेऊन म्हणतील, ‘म्हणजे कॉम्प्युटर गेला.’ तुम्ही लगेच कुर्ल्याला फोन लावा. पण तेवढ्यात पोरगा बॅटरी आणि तिच्याखालचा ट्रे काढून कुठेतरी कोपरापर्यंत हात घालेल आणि गाडीच्या वायरिंगचा एक कपलर बाहेर ओढेल. पावसाचं पाणी मुरून आतल्या पिनांवर हिरवा थर चढलाय, एक तर मागे सरकलीय. बॉक्स नवा आला, कपलर गाडीचाच राहिला. खिशातून जुना टूथब्रश काढून तो घासतो, स्प्रे मारतो, सरकलेली पिन पुढे घेतो, कपलर दाबतो. हा चौथा ‘टक’. दिवा स्थिर. गाडी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, लोण्यासारखी.

मेस्त्री म्हणतील, ‘नवीन बॉक्स सेट व्हायला वेळ लागतोच.’ घरीही हेच सांगा. पोराला पन्नासची नोट द्या, पण मेस्त्रींसमोर नको.

पंधरा दिवसांनी मात्र पुन्हा सीएसटी रोडवर जावं लागेल, काढघाल करताना फाटलेल्या माउंटिंगच्या रबरासाठी. जाळीमागे एक बॉक्स असेल, रॉकेलने पुसून चकाचक केलेला, कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका. नाशिकहून आलेलं एक गिऱ्हाईक वाकून त्यावर बोटाने टकटक करत असेल आणि दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत असेल, ‘चालू गाडी का माल है, साब.’