आर्मेनियन कवयित्रीच्या वाचनाला जाताय? मग हे वाचून जा

गेल्या शनिवारी बॉस्टनजवळच्या एका लिटरेचर फेस्टिवलला गेले होते. कुठला ते सांगत नाही, उगाच कशाला. एका आर्मेनियन कवयित्रीचं वाचन होतं. महिनाभर आधी कॅलेंडरवर खूण करून ठेवलेली, नवऱ्याला पोरांच्या स्विमिंगला जुंपलं, मंडळातल्या चौघांना गाडीत कोंबून नेलं. आणि तिथे जे काही शिकून आले ते एकटीच्या पोटात मावेना, म्हणून हा खटाटोप. तुमच्यापैकी कोणी अशा कार्यक्रमाला जाणार असेल, किंवा देव न करो, ठेवणार असेल, तर उपयोगी पडेल.

आधी मुहूर्त. आर्मेनियन कवी बोलवायचा तो एप्रिलमध्येच. 24 एप्रिल 1915 ला इस्तंबूलमध्ये लेखक, संपादक, डॉक्टर, पुढारी असे दोनशेच्या वर आर्मेनियन लोक तेव्हाच्या ऑटोमन तुर्की सरकारने घरांतून उचलून नेले, त्यातले बहुतेक परत आले नाहीत, आणि मग अख्ख्या समाजाचं काय झालं, तो वंशसंहार, ते सगळ्यांना माहीत आहे, निदान माहीत असल्यासारख्या माना तरी सगळे हलवतात. शिवाय अमेरिकेत 1996 पासून एप्रिल हाच राष्ट्रीय कविता महिना. म्हणजे एकाच खर्चात दोन्ही पुण्यं! बाई एप्रिलभर चार गावं धावत असते आणि मे उजाडला की तिचा फोन वाजायचा बंद. आपण नाही का 27 फेब्रुवारीला फेटे बांधून मराठीचं करतो आणि 28 ला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्लिश सुरू, तस्संच.

पोस्टरवर आर्मेनियाची खूण म्हणून अरारात पर्वत टाका, खाली फुटलेलं डाळिंब. आता अरारात आज तुर्कस्तानात आहे, बाईचे आजोबा मराशचे, मराशही तुर्कस्तानातच पण कुठल्या कुठे लांब, तिथून घर उठलं ते सीरियातल्या अलेप्पोला, मग बैरूत, मग इथलं बॉस्टनजवळचं वॉटरटाउन. अरारात तिने पहिल्यांदा पाहिला तो पंचविशीत येरेवानला फिरायला गेली तेव्हा, हे तिनेच सांगितलं. नागपूरच्या कवीच्या पोस्टरवर सिंधुदुर्ग किल्ला छापावा तसा प्रकार. पण चालतंय, डाळिंब छान लाल आलं होतं.

सुरुवातीला दुदुक वाजवाच. जर्दाळूच्या लाकडाचं वाद्य, सूर असा की दगडाला पाझर फुटावा, त्याबद्दल वादच नाही. फक्त ते कोणाच्या तरी फोनवरून ब्लूटूथ स्पीकरला जोडा आणि नोटिफिकेशन चालू ठेवा. आमच्याकडे मराशची आठवण अगदी रंगात आली असताना मध्येच 'टिडिंग' करून कोणाची तरी पिझ्झ्याची ऑर्डर निघाली.

चहाच्या टेबलावर टर्किश डिलाइट ठेवा, पाटीसकट.

आता नाव. नावाची तयारी मुळीच करू नका. आर्मेनियन आडनावांच्या शेवटी 'यान' येतं, म्हणजे अमक्याच्या वंशातले. तेर्झियान शिंप्याच्या घरचे, कुयुमजियान सोनाराच्या, एकमेकजियान भाकऱ्या भाजणाऱ्याच्या. आपल्याकडे सोनार नि शिंपी आडनावं असतात तशीच ही, पाच मिनिटं दिली तर जीभ वळते. पण ती पाच मिनिटं द्यायची कशाला? आमच्या मॉडरेटरने तिचं नाव तीनदा घेतलं आणि तीन वेगवेगळ्या बायका स्टेजवर बोलावल्या, चौथ्या वेळी सरळ 'आपल्या आजच्या पाहुण्या' वर आला. हाच माणूस पाच मिनिटांपूर्वी दोस्तोयेव्स्की असा खणखणीत म्हणाला होता की अनुस्वार असता तर तोही ऐकू आला असता. आणि हो, 'कार्दाशियानसारखं ना?' हा विनोद राहता कामा नये. त्याने केला. लोक हसले. पुढच्या सगळ्या कार्यक्रमात लोक एवढं एकदाच हसले, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओळख करून देताना स्वतःबद्दल बोला. पंचेचाळीस मिनिटांत तीन कवी बसवलेले, त्यातली अकरा मिनिटं मॉडरेटरची प्रस्तावना, त्यातली चार त्याच्या इस्तंबूल ट्रिपची, हॉटेलच्या गच्चीवरून बॉस्फरस कसा दिसतो वगैरे. मी फोनवर वेळ बघत होते म्हणून आकडे पक्के आहेत. बाईंच्या वाट्याला आली सहा मिनिटं.

त्या सहा मिनिटांत तिने म्हटलं, एक छोटी कविता माझ्या भाषेतून वाचते, दोनच मिनिटं लागतील. तर अशा वेळी घड्याळाकडे बघायचं आणि गोड हसून म्हणायचं की वेळ जरा कमी आहे हो, इंग्लिशच वाचूया का. तो तसंच म्हणाला. तिने वहीचं पान उलटलं. काही बोलली नाही. सवय असावी.

आता ही भाषा म्हणजे काय ते सांगते, कारण तिथे कोणी सांगितलं नाही. आर्मेनिया देशात बोलतात ती पूर्व आर्मेनियन, हिची पश्चिम आर्मेनियन. तिकडचा ग्रिगोर इकडे क्रिकोर होतो, पेत्रोसचा बेद्रोस, 'बारेव' म्हणून नमस्कार करायचा तो 'पारेव'. जिथे ही पश्चिमेची भाषा रुजली होती ती गावं आता तिची नाहीत, ती उरली बैरूत, पॅरिस, लॉस एंजेलिस, वॉटरटाउनच्या स्वयंपाकघरांत आणि चर्चच्या शनिवारच्या शाळांत, पाठीशी ना सरकार ना पाठ्यपुस्तक मंडळ. युनेस्कोने 2010 मध्ये धोक्यातल्या भाषांच्या यादीत टाकली. लिपी मेस्रोप माश्तोत्सने 405 साली घडवली, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधी. सोळाशे वर्षं टिकलेल्या अक्षरांना शनिवारी दुपारी दोन मिनिटं मिळाली नाहीत, कारण इस्तंबूलच्या हॉटेलची गच्ची.

असो. शांत होते. पुढची सूचना.

चेहरा. आर्मेनियन कविता ऐकताना चेहरा दुःखी ठेवा, कविता कशावरही असो. तिने वाचली ती 71 नंबरच्या बसवर होती. वॉटरटाउनहून माउंट ऑबर्न स्ट्रीटने हार्वर्डला जाणारी बस, आपल्यातल्या निम्म्यांनी तिच्यातून प्रवास केलाय, वाटेतल्या बेकऱ्यांतून लाहमाजून, म्हणजे खिमा पसरलेल्या पातळ रोट्या, बांधून आणलेत. तर बसमध्ये एक आर्मेनियन म्हातारी फोनवर मोठमोठ्याने बहिणीला सांगतेय, समोर एक पोरगा बसलाय, त्याची पँट बघ कशी, आई आहे की नाही याला, दोन्ही गुडघे बाहेर, पैसे देऊन फाटकी घेतली असणार. चार स्टॉप पँट चाललीये. आणि उतरताना तो पोरगा वाकून तिला स्वच्छ आर्मेनियनमध्ये म्हणतो, आजी, पँट भावाची आहे. आजी एक क्षण गप्प, मग म्हणते, मग भावाला सांग, आणि पिशवीतून काढून त्याच्या हातात एक कुलचा कोंबते. संपली कविता.

मी हसले. खळखळून हसले. पुढच्या रांगेतल्या बाईने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मयताला शिट्टी वाजवली. बाकी सभागृहातून तो आवाज आला, काव्यवाचनाला येणाऱ्या लोकांचा खास, नाकातून, डोळे मिटून, 'हंऽऽऽ'. एकीने डोळे पुसले. पँटवर! फाटक्या पँटवर डोळे पुसले हो. आणि मॉडरेटर म्हणाला, किती वेदना आहे या ओळींत.

कवयित्रीने पाण्याचा घोट घेतला.

प्रश्नोत्तरं. ही खरी तुमची वेळ, इथे कच खाऊ नका. पहिला नियम, प्रश्न विचारू नका. 'माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे' असं म्हणून उभे राहा आणि बसू नका. दुसरा, कवितेबद्दल चुकूनही बोलू नका. एकाने विचारलं, एवढा ट्रॉमा अंगावर घेऊन रोज जगायला कसं वाटतं? (शनिवारी दुपारी, माइकवर, शंभर अनोळखी लोकांसमोर.) दुसऱ्याने विचारलं, काराबाखचं नक्की काय झालं, थोडक्यात सांगाल? काराबाख म्हणजे अझरबैजानमधला आर्मेनियन वस्तीचा डोंगरी मुलूख, 2023 च्या सप्टेंबरमध्ये तिथली लाखावर माणसं आठवड्याभरात घरदार टाकून डोंगर उतरून आर्मेनियात आली, ते हिने थोडक्यात सांगायचं, दीड मिनिटात, कारण ही आर्मेनियन आहे आणि माइक हिच्या हातात आहे. आणि तिसरा, कोट घातलेला, गोड आवाजाचा, म्हणाला की शंभर वर्षं झाली, आता दोन्ही बाजू समजून घ्यायला नकोत का? अरे, बाई बसवरची कविता वाचायला आली आहे! तिने बाजू मांडलीच नाही तर तू दुसरी कुठून काढलीस? आजी आणि पँट यातली दुसरी बाजू पँटची का? मॉडरेटरने याला थांबवावं की नाही, तर तो म्हणतो, फार महत्त्वाचा मुद्दा. तिने पुन्हा सगळं सांगितलं. आजोबा किती वर्षांचे होते, अलेप्पोपर्यंत कोण पोचलं आणि कोण नाही. आवाज न चढवता, तोंडपाठ असल्यासारखं, कारण तोंडपाठच असणार, प्रत्येक गावात कोणीतरी कोट घालून हेच विचारतो आणि हिला आजोबा पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायला लागतात. लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. मगाशी पँटवर रडलेली बाई आता निवांत रडली.

आणि गंमत बघा, ज्या दानिएल वारुझानचं नाव प्रस्तावनेत दोनदा घेतलं, शहीद कवी म्हणून, तो 1915 मध्ये मारला गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि कशावर लिहीत होता? गव्हावर. पेरणी, कापणी, मळणी, दळण. अटकेत हस्तलिखित जप्त झालं, ते नंतर कसंबसं सोडवून आणलं आणि 1921 मध्ये छापलं, नावाचा अर्थ भाकरीचं गाणं. म्हणजे त्या माणसाला गहू लिहायचा होता. या बाईला बस लिहायची आहे. आणि आपल्याला त्यांच्याकडून एकच माल हवाय, तोही आपल्या सोयीच्या महिन्यात, घरपोच.

पुस्तक विकत घेऊ नका, हे सांगायला नकोच. मुखपृष्ठाचा फोटो काढा, स्टोरी टाका, बुकमार्क फुकट असतो तो उचला.

आता आपल्याच लोकांबद्दल, कारण लिहायला बसले ती खरी त्यांच्यामुळे. आमच्या गाडीतले काका. प्रश्नोत्तरांत हात वर केलाच त्यांनी. म्हणाले, मॅडम, तुमची ती भाषा वाचणारे असे किती जण उरलेत, तुम्ही सरळ इंग्लिशमध्येच का नाही लिहीत, रीच वाढेल. मला वाटलं खुर्चीखाली जावं. ती हसून म्हणाली, माझ्या आईला इंग्लिशमधले विनोद कळत नाहीत. काकांना वाटलं ती गंमत करतेय. काका, ती गंमत नव्हती. तुम्ही तीस वर्षं इकडे आहात, गणपतीत 'सुखकर्ता' रोमन लिपीत छापून वाटता, नातवंडांशी बोलायला मध्ये सूनबाई दुभाषी लागतात, आणि ज्यांच्या पणज्या वाळवंटातून चालत आल्या तरी ज्यांनी अक्षरं सोडली नाहीत त्यांना तुम्ही रीच शिकवणार? परत येताना गाडीत तर कहर, 'चांगलं होतं पण डिप्रेसिंग होतं गं.' डिप्रेसिंग? अहो, ती विनोदी कविता होती! फाटक्या पँटची! तुम्ही ऐकलीत का? चौघांपैकी एकानेही ऐकली का? एकजण पार्किंगचं मीटर बघत होती, एकजण पुढच्या वेळी हा हॉल मंडळाच्या कोजागिरीला मिळेल का ते विचारायला बाहेर गेली होती. मग येता कशाला? घरी बसा ना. त्या खुर्चीवर जो बसला असता त्याने निदान कान तरी आणले असते.

आणि मी काय मोठी शहाणी लागून गेले. सही घ्यायला गेले तर तोंडातून काय निघालं, 'आमच्या मुंबईत फोर्टात आर्मेनियन चर्च आहे, बरं का, आणि जगातलं पहिलं आर्मेनियन वर्तमानपत्र 1794 मध्ये मद्रासला निघालं.' ती म्हणाली, 'हो, अज़दारार. मला भेटलेला प्रत्येक भारतीय हेच सांगतो.' वर म्हणाली, 'मेर्सी.' आर्मेनियन लोक रोजच्या बोलण्यात आभाराला तेच म्हणतात, मूळ शब्द इतका लांब आहे की बस निघून जाईल. त्या न वाचलेल्या कवितेचं विचारायचं माझ्या मनात होतं, कशावर होती, निदान दोन ओळी म्हणा. मागे रांगेत एकजण बुकमार्कसाठी उभा होता, मी बाजूला झाले आणि राहून गेलं. चर्चचं सांगायला वेळ होता, हे विचारायला नव्हता.

दोन प्रती घेतल्या, एका पानावर आर्मेनियन, समोर इंग्लिश. ती राहिलेली कविता यातलीच एखादी असणार, रोज रात्री डावीकडच्या पानाकडे बघत बसते. एक प्रत माझ्यापाशी राहील, दुसरी काकांसाठी घेतली होती, त्यांनी पीडीएफ आहे का विचारलं. ज्यांना हवी असेल त्यांनी सोळा डॉलर घेऊन घरी यावं. फुकट मिळणार नाही, आणि फोटो काढू देणार नाही.